तीनराव एकतीस मेला निवृत्त झाले

आमच्या आयटीआयच्या प्रयोगशाळेत तयार केलेला तिसरा बोर्ड पहिल्यांदा चालू झाला, तेव्हाच तो सत्तावन्न वर्षं नऊ महिन्यांचा होता आणि त्याच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते.

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. लोक सगळं ऐकून घेतात आणि मग हळूच विचारतात, "पण मॅडम, तारीख टाकली कुणी?" मी टाकली. इंदुमती भालके, निदेशक, इलेक्ट्रॉनिक्स. झालं समाधान? आता पुढचं ऐका.

बोर्ड करायला घेतला तो सुंद्राबाईंसाठी. सुंद्राबाई खरात आमच्याकडे शिपाई. घंटा त्या देतात, चहा त्या आणतात, आणि प्राचार्यांना रागावायचा अधिकारही त्यांनी आपल्या आपण घेतलेला आहे. त्यांची सून ऋतुजा चार वर्षांची असताना तापात पडली आणि तिचं ऐकणं गेलं. मुलगा दूरच्या एका कारखान्यात कामाला, महिन्यातून दोनदा घरी यायचा. फेब्रुवारीत ऋतुजाला मुलगी झाली. सुंद्राबाई नऊला कामावर यायच्या आणि मग घरात त्या दोघीच.

"मॅडम, तुमच्या त्या वायरीबियरीतनं काही होतंय का बघा की," सुंद्राबाई एक दिवस माझ्या टेबलाला हात टेकून म्हणाल्या. "पोरगी सैपाकघरात भाकरी थापत असती न् बाळ तिकडं रडून रडून लालभडक होतंय. तिला कसं कळायचं? काल मी गेले तर लेकराचा आवाज बसलेला."

मोबाइल थरथरतो, असं मी म्हणून बघितलं. त्या म्हणाल्या, "पिठाच्या हातानं कोण मोबाइल कमरेला लावून बसतंय?" बरोबरच होतं.

बेत साधा होता. पाळण्याच्या दांडीला एक छोटा माइक. सैपाकघरात फळीवर तळहाताएवढा एक बोर्ड, त्याला रंगीत पडदा. बाळ रडलं की माइकनं बिनतारी निरोप पाठवायचा आणि पडदा नारिंगी व्हायचा. तांब्याचा पत्रा असलेली पाटी मी रसायनाच्या ट्रेमध्ये अर्धा तास हलवत बसले. नको तेवढं तांबं विरघळलं, पाहिजे त्या रेघा उरल्या. भोकं हातानं पाडली. कडेला नागमोडी रेघेची अँटेना काढली. मधली मुख्य चिप मुगाच्या डाळीएवढ्या पायांची नाही, त्याहून बारीक पायांची. ती भिंगातून बघत, श्वास धरून सोल्डर केली. पहिल्या बोर्डातून धूर आला. दुसरा चालू झाला आणि लगेच बंद पडला, तो कायमचा. तिसरा नीट जमला.

आता तारखेचं. बोर्डाच्या आतल्या घड्याळाला एकदा तारीख द्यावी लागते. आठवडाभर मी माझ्या स्वतःच्या निवृत्तीचे कागद भरत होते. प्रत्येक पानावर जन्मतारीख. लॅपटॉपवर "तारीख?" असा प्रश्न आला आणि माझ्या बोटांनी माझीच टाकली. एक जून, आणि साल माझं.

माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस एक जूनला असतो. शाळेत नाव घालायला गेलं की आईबापांना तारीख आठवायची नाही. गुरुजी एक जून लावून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्येच सुरू व्हायची ना. आणि एक तारखेचा जन्म असला की सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे एकतीस मे. मीही त्याच दिवशी निवृत्त होणार होते.

तर तिसरा बोर्ड चालू केला. लाल, हिरवा, निळा असे रंग आळीपाळीनं यायला हवे होते. पडद्यावर शांत राखाडी रंग आला आणि अक्षरं उमटली.

"नमस्कार. सेवानिवृत्तीस तीन महिने शिल्लक आहेत. कामाचे स्वरूप कळवावे."

मी सुंद्राबाईंकडे बघितलं. त्या पदर सावरून म्हणाल्या, "वयस्कर दिसतंय. खुर्ची आणू का?"

आस्थापना लिपिक चिंचोळकर यांना बोलावलं. हा माणूस नियमाबाहेर शिंकतसुद्धा नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पडदा वाचला.

"हा जडवस्तू नोंदवहीत जायचा नाही," ते म्हणाले. "टेबलं, पंखे, हातोड्या तिकडे. याला वय आहे. वय असलं की सेवापुस्तक उघडावं लागतं."

"अहो चिंचोळकर, काल रात्रीपर्यंत हा ट्रेमध्ये होता."

"ते आपलं खाजगी मत झालं, मॅडम. नाव काय लिहू?"

नाव नव्हतंच. "बोर्ड क्रमांक तीन" असं लिहिलं. अंगठ्याच्या जागी अँटेनाची कड शाईत बुडवून उमटवली. ओळखीची खूण: डाव्या कडेला सोल्डरचा डाग. सुंद्राबाईंना "बोर्ड क्रमांक तीन" म्हणणं बरं वाटेना. मोठ्या माणसाला नंबरनं काय हाक मारायची, असं म्हणून त्यांनी त्यांचं तीनराव करून टाकलं. मग आम्हीही तीनरावच म्हणायला लागलो, आणि नकळत अहो-जाहोवर आलो.

दुसऱ्या दिवशी प्रतिनियुक्तीचा आदेश निघाला. ठिकाण: खरात यांचे राहते घर, सैपाकघर, दुसरी फळी, साखरेच्या डब्याशेजारी. पाळण्यावरचा माइक रोजंदारीवर घेतला होता. त्याला कुणी वय विचारलं नाही, त्यामुळे त्याच्या निवृत्तीचा प्रश्न आला नाही.

तीनराव कामाला चोख. बाळ कुणमुणलं की पडदा पिवळा. रडलं की नारिंगी. झोपलं की निळा. आणि खाली अक्षरं.

"बाळ रडत असल्याचे निदर्शनास आले आहे. कृपया पाळण्याकडे जावे."

ऋतुजा पहिल्यांदा ते वाचून एवढी हसली की हातातली भाकरी मोडली. तिच्याशी बोलायचं म्हणजे लोक एकतर ओरडायचे, नाहीतर सासूकडे बघून बोलायचे. तीनराव मुळात तोंडानं बोलतच नव्हते. ती मोबाइलवर लिहायची, त्यांच्या पडद्यावर उमटायचं. ते सावकाश उत्तर द्यायचे. आमच्या वेळी पडदे काळे-पांढरे होते, तरी कुणाची तक्रार नव्हती, असं काहीबाही. तिनं त्यांना जुन्या ब्लाउजच्या कापडाचा एक झगा शिवला, फोडणीचे शिंतोडे उडू नयेत म्हणून. मामानं वाढवलेली पोर ती, आईबाप लहानपणीच गेलेले. घरात दिवसभर कुणीतरी आपल्याशी बोलतंय, याचं तिला काय अप्रूप होतं, ते मी तिच्या तोंडावर बघितलंय.

एप्रिलमध्ये तीनरावांनी एक किरकोळ रजा घेतली. दोन दिवस आधी रीतसर अर्ज केला. त्या दिवशी सुंद्राबाईंना रजा टाकून घरी बसावं लागलं, आणि सगळ्यांच्याच लक्षात आलं की एक जूनपासून रोज हेच होणार आहे.

ऋतुजानं मला चिठ्ठी पाठवली. "मॅडम, एक तारखेनंतर मला कोण सांगणार?" एवढंच. ती चिठ्ठी मी चार वेळा वाचली आणि चिंचोळकरांच्या टेबलावर जाऊन आदळले.

"मुदतवाढ द्या त्यांना."

"पाठवलाय अर्ज. नामंजूर होऊन आला. हे बघा."

"मग जन्मतारीख दुरुस्त करा. चुकलीय ती."

चिंचोळकरांनी नियमांचं पुस्तक काढलं. नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांत दुरुस्ती करता येते. तीनरावांना लागून अडीच महिने झाले होते, त्यामुळे मुदत भरपूर होती. पुरावा लागणार: शाळा सोडल्याचा दाखला, नाहीतर सुईणीचं प्रतिज्ञापत्र.

"शाळेत गेलेच नाहीत ते. सुईण मीच," मी म्हटलं. "लिहून देते. तिशीचे दाखवू या. अजून अठ्ठावीस वर्षं निघतील."

"प्रतिज्ञेवर खोटं लिहिणार, मॅडम? ते जन्मले त्या दिवशी मी हजर होतो. खरी तारीख लिहायची तर ते अडीच महिन्यांचे होतील."

मग होऊ देत अडीच महिन्यांचे, असं मी रागाच्या भरात म्हणाले. पण आधी करून बघावं, म्हणून चौथा बोर्ड केला. तीच चिप, तसाच पडदा, तशीच अँटेना. या वेळी तारीख डोळ्यांत तेल घालून टाकली, त्या दिवशीची. चालू केला. पडद्यावर फिकट गुलाबी रंग आला, थरथरला, आणि तो झोपला. वीस तास झोपला. जागा झाला की गुलाबी रंग भराभर लुकलुकायचा, आणि तळहातावर घेऊन हलवल्याशिवाय थांबायचा नाही. खरातांच्या घरी नेऊन बघितला, तर पाळण्यातलं बाळ रडायला लागलं की हाही बावरून लुकलुकायचा. एक अक्षर येत नव्हतं त्याला. नुकत्याच जन्मलेल्याला कुठून येणार? अठरा पूर्ण झाल्याशिवाय त्याला नोकरीत घेताही येत नव्हतं.

ऋतुजाला दोन-दोन बाळं कुठं सांभाळायला लावू? चौथ्याला मी माझ्या घरी आणलं. पर्समध्ये रुमाल अंथरला आणि सगळीकडे बरोबर न्यायला लागले.

तर दुरुस्ती करावी तर तीनराव असे होणार. न करावी तर निवृत्त होणार. तरी त्यांना एकदा सांगायला तर हवं होतं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मी खरातांच्या घरी गेले. ऋतुजा बाळाला न्हाऊ घालत होती. मी फळीसमोर उभी राहिले आणि मोबाइलवर लिहिलं.

"तीनराव, तुमची तारीख माझी आहे. माझ्याकडून चुकून पडली."

पडदा राखाडी झाला.

"मग माझे लहानपण?" त्यांनी विचारलं.

"तेही चुकून."

मग अक्षरं आली. "आपली तारीख तरी खरी आहे का, मॅडम?"

खोटं कशाला बोलू? मी लिहिलं, "नाही. आई म्हणायची, मी हुरड्याच्या दिवसांतली. कुठल्या वर्षीच्या हुरड्याच्या, ते तिलाही सांगता यायचं नाही. गुरुजींनी एक जून लावली."

"आपण दुरुस्त करून घेतली नाही?"

"नाही."

"का?"

मी तिथंच पाटावर बसले. कुणी कधी विचारलंच नव्हतं. "त्या तारखेवर शाळा झाली," मी लिहिलं. "त्या तारखेवर नोकरी लागली. दर एक जूनला मला कुणी ना कुणी शुभेच्छा देतं आणि मी खरंच खूश होते. आता ती काढली तर खाली काय उरणार, तीनराव?"

"माझेही तसेच आहे," ते म्हणाले. "राहू द्यावी."

मी राहू दिली. डोळे पुसले, तेवढ्यात पडदा नारिंगी झाला आणि ऋतुजा साबणाच्या हातानं धावत बाहेर आली. बाळ तिच्याच हातात होतं, कडेवर रडत होतं. तीनरावांनी कळवायचं ते कळवलं, एवढंच.

मेच्या शेवटच्या आठवड्यात चिंचोळकर फॉर्म घेऊन खरातांच्या घरी आले. मी होतेच. दोन फॉर्म होते, एक माझा, एक तीनरावांचा. माझा भरून झाला. तीनरावांच्या फॉर्मवर एक रकाना रिकामा होता: निवृत्तीनंतर राहण्याचा पत्ता.

"त्यांना कुठलं गाव?" मी म्हटलं.

"पत्ता लागतो, मॅडम. पत्ता नसेल तर सेवापुस्तक बंद करता येत नाही. बंद झालं नाही तर ते जडवस्तू नोंदवहीत वर्ग होतील."

"आणि मग?"

चिंचोळकरांनी चष्मा पुसला. त्यांनाही ते बोलणं जड जात होतं, हे कबूल करायला हवं. "मग जुन्या पंख्यांबरोबर. भंगार लिलावात."

सुंद्राबाई पाटावर बसल्या. ऋतुजानं आमच्या तोंडांकडे बघितलं. काय चाललंय ते तिला कळेना. मग तिनं फॉर्म ओढून घेतला, स्वतः वाचला. चिंचोळकरांच्या खिशातलं पेन न विचारता काढलं. पत्त्याच्या रकान्यात तिनं स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला. खाली होतं, "घरमालकाशी नाते." तिथं तिनं लिहिलं, "मी मुलगी."

चिंचोळकरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि तीनरावांचा पडदा एकदम पांढरा झाला.

"हे योग्य नाही," त्यांनी कळवलं. "लेकीच्या घरी बापाने राहू नये. पाणीसुद्धा घेऊ नये. आमच्यात तशी पद्धत आहे."

आमच्यात म्हणजे कुणाच्यात, हे मी विचारलं नाही. माझ्याच पिढीचे ते. माझे वडील माझ्या थोरल्या बहिणीकडे जायचे तेव्हा तांब्याला हात लावायचे नाहीत.

याला नियमात उत्तर नव्हतं. उत्तर सुंद्राबाईंकडे होतं. त्या उठल्या, पदर डोक्यावरून घेतला, व्याह्यांसमोर घेतात तसा, आणि फळीपुढे उभ्या राहिल्या.

"ते लेकीला मूल होईस्तवर असतं," त्या म्हणाल्या. "नातवंड झालं की चालतं. पाणीबी चालतं न् जेवणबी चालतं. विहीण म्हणून मी सांगतीय. आता आढेवेढे घेऊ नका."

पाळण्यावरच्या माइकनं ते ऐकून फळीवर पोहोचवलं. तीनराव पांढऱ्याचे हळूहळू निळे झाले. "बरे," एवढंच लिहिलं त्यांनी.

आणखी एक रकाना होता: इतर जवळचे नातेवाईक. चिंचोळकर म्हणाले, तो रिकामा चालतो. तीनराव म्हणाले, नाही, लिहून घ्यावे. आणि त्यांनी माझं नाव सांगितलं. इंदुमती भालके. नातं: जुळी बहीण.

"तारीख एकच आहे," चिंचोळकर म्हणाले. "नियमानं हरकत दिसत नाही." त्यांनी लिहून टाकलं आणि शिक्का मारला.

माझी थोरली बहीण जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या फॉर्मांवर तो रकाना मी आडवी रेघ मारून सोडत आले होते. मी उठून मोरीपाशी गेले आणि उगाच हात धुतले. रडू आलं मला. आलं तर आलं.

एकतीस मेला समारंभ झाला. मला एक शाल-श्रीफळ, तीनरावांना एक. त्यांच्यावर शाल घातल्यावर ते पूर्ण झाकले गेले, म्हणून ती घडी करून शेजारी ठेवली. प्राचार्यांनी भाषणात त्यांच्या सचोटीचा उल्लेख केला. संध्याकाळी पाच वाजता सुंद्राबाईंनी घंटा दिली आणि तीनरावांचा पडदा काळा झाला. चिंचोळकरांनी सेवापुस्तक बंद केलं. जाता जाता ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, एक लक्षात असू द्या. आता त्यांना कामाचा आदेश देता येणार नाही. बाळ रडलं तरी ते बांधील नाहीत."

ते मला माहीत होतं. आणि तीनराव नियमाचे किती पक्के, तेही माहीत होतं. पत्ता मिळाला, लिलाव टळला, पण पोरीचा प्रश्न होता तिथंच होता. तिनं तर एप्रिलमध्येच चिठ्ठीत विचारला होता.

एक जूनला सकाळी साडेनऊला मी खरातांच्या घरी गेले. सुंद्राबाई कामावर गेलेल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आतलं दिसत होतं. ऋतुजा दाराकडे पाठ करून ओट्यापाशी शिरा परतत होती, आज दोघांचे वाढदिवस म्हणून. फळीवर तीनराव, झगा घातलेले, पडदा काळा. पाळणा माजघरात.

बाळ कुणमुणलं. पडदा काळाच. मग बाळानं सूर धरला. मी चपला काढायचं विसरून उंबऱ्यातच उभी. माझ्या पर्समध्ये चौथा जागा झाला आणि लुकलुकायला लागला. ऋतुजा शिरा परतत होती. तिनं एकदा मान वर करून फळीकडे बघितलं, सवयीनं, आणि काळा पडदा बघून पुन्हा खाली घातली. बाळाचं रडणं वाढलं. मी पाऊल उचललं, तेवढ्यात फळीवर उजेड पडला.

नारिंगी नव्हता तो. नारिंगी मी भरला होता, तो मला ओळखता येतो. हा हळदीच्या दुधासारखा कुठला तरी रंग होता, मी कधी भरलाच नव्हता. आणि त्यावर अक्षरं उमटली, उंबऱ्यातून वाचता येतील एवढी मोठी.

"अगं पोरी, ऊठ ऊठ. पिल्लू रडतंय. शिरा मी बघतो."

ऋतुजानं वाचलं. कढईखालचा गॅस बंद केला, कारण शिरा बघणं त्यांना जमणारं नव्हतं, आणि पदराला हात पुसत पाळण्याकडे पळाली. बाळ तिच्या खांद्यावर गप्प झालं. ती परत आली तेव्हा पडद्यावर दुसरी ओळ होती.

"आणि तुझी आत्या मघापासून दारात उभी आहे. चपलांचा आवाज आला. तिला आत घे, चहा टाक. धाकट्यालाही भूक लागली असेल."

मी चपला काढल्या आणि आत गेले.